हायड्रोजन-ऑक्सिजनपासून पाण्याची वाफ तयार होताना सुटणारी ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगळे सांगितले नसेल तिथे खालचे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि १ बार दाबाचे आहेत.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वाफ तयार होताना नेमकी किती ऊर्जा सुटते?

१ मोल (२.०१६ ग्रॅम) हायड्रोजन आणि अर्धा मोल (१६ ग्रॅम) ऑक्सिजन यांपासून १ मोल (१८.०१५ ग्रॅम) वाफ तयार होताना २४१.८३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. जुन्या एककात ५७.८ किलोकॅलरी. म्हणजे तयार होणाऱ्या प्रत्येक ग्रॅम वाफेमागे १३.४ किलोज्यूल आणि जळणाऱ्या प्रत्येक ग्रॅम हायड्रोजनमागे जवळपास १२० किलोज्यूल. तक्त्यात हा आकडा −२४१.८३ असा ऋण छापलेला असतो, कारण ही उष्णता अभिक्रियेतल्या पदार्थांनी गमावलेली असते.

मग काही पुस्तकांत २८५.८ का दिलेले असते?

तो आकडा द्रवरूप पाण्याचा आहे. वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले की आणखी ४४.० किलोज्यूल बाहेर पडतात, २४१.८ अधिक ४४.० म्हणजे २८५.८. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त शेवटी हाती काय उरते ते वेगळे आहे. या विषयातल्या बहुतेक चुका इथेच होतात. म्हणून समीकरण लिहिताना ‘पाणी’ एवढेच लिहून थांबू नका. पुढे कंसात ‘वायू’ की ‘द्रव’ हे लिहाच. ते नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. पाठ्यपुस्तकांनी हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी छापावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

मी २८५.८ मधून ४०.७ वजा केले तर २४५.१ आले. चूक कुठे झाली?

४०.७ किलोज्यूल प्रति मोल ही १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याची बाष्पनाची उष्णता आहे. २८५.८ हा आकडा मात्र २५ अंशांचा आहे. २५ अंशांवर पाण्याची वाफ करायला ४४.० किलोज्यूल लागतात, कारण थंड पाण्यातले रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून असतात. वजाबाकीतले दोन्ही आकडे एकाच तापमानाचे हवेत. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या उदाहरणांत विद्यार्थी हमखास इथे अडकतात.

२५ अंशांवर १ बार दाबाची वाफ असूच शकत नाही. मग हा आकडा कशाचा?

शंका रास्त आहे. २५ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब फक्त ३.१७ किलोपास्कल असतो. त्याहून दाब वाढला की वाफेचे पाणी होऊ लागते. प्रमाण अवस्था म्हणून जी ‘१ बारची वाफ’ धरतात ती काल्पनिक आदर्श वायूच्या रूपातली आहे. आदर्श वायूची एन्थाल्पी (स्थिर दाबाला घेतलेली किंवा सोडलेली उष्णता जिच्या बदलाएवढी असते ती ऊर्जा) दाबावर अवलंबून नसते, त्यामुळे हिशेबाला बाधा येत नाही, आणि वेगवेगळ्या अभिक्रियांचे आकडे बेरीज-वजाबाकी करून वापरता येतात.

समीकरणात अर्धा ऑक्सिजन का? दुपटीने लिहिले तर चालेल का?

निर्मितीची एन्थाल्पी १ मोल पदार्थासाठी सांगतात, म्हणून अर्धा. दुपटीने लिहिले तर उष्णता ४८३.७ किलोज्यूल होते; ती त्या अभिक्रियेची एन्थाल्पी झाली, वाफेच्या निर्मितीची नव्हे.

ही ऊर्जा येते कुठून? बंध तुटताना सुटते का?

नाही. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती सुटते. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात आणि अर्धा मोल ऑक्सिजन तोडायला ४९८ चे निम्मे, म्हणजे २४९. खर्च झाला ६८५. मग ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडले जातात. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची सरासरी ऊर्जा ४६३ आहे, म्हणजे जमा ९२६. फरक २४१, तक्त्याच्या आकड्याला अगदी लागून.

इथे ४६३ ही सरासरी आहे हे ध्यानात ठेवा. पाण्याच्या रेणूतला पहिला हायड्रोजन सोडवायला सुमारे ४९७ आणि दुसरा सोडवायला सुमारे ४२९ किलोज्यूल लागतात. शिवाय बंध ऊर्जेचा हा हिशेब वायूंपुरताच चालतो. त्यातून उत्तर नेहमी वाफेचेच येते. द्रव पाण्याचे हवे असेल तर ४४ वेगळे मिळवावे लागतात.

हा आकडा मोजला कसा?

वाफेचा आकडा थेट मोजत नाहीत. आधी द्रव पाण्याचा मोजतात आणि त्यातून बाष्पनाची उष्णता वजा करतात. या कामात पायाभूत ठरलेली मोजणी फ्रेडरिक रॉसिनी यांनी अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये केली आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. पाण्यात बुडवलेल्या काचेच्या भांड्यात एका वायूची ज्योत दुसऱ्या वायूत जळत ठेवायची, भोवतालच्या पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहायचे, आणि तेवढीच वाढ विजेच्या तापकाने करायला किती ज्यूल लागतात ते मोजायचे, अशी ती पद्धत. किती हायड्रोजन जळला हे वायूच्या आकारमानावरून न ठरवता तयार झालेल्या पाण्याचे वजन करून ठरवले जाते, कारण वजन कितीतरी अधिक अचूक मिळते.

अशा मोजणीत तीन गोष्टी बिघडतात. भांड्यात येणारे वायू पाण्याच्या तापमानाला नसले तर ते स्वतःबरोबर उष्णता आणतात किंवा घेऊन जातात. बाहेर पडणारा जादा वायू ओला असतो; त्याच्याबरोबर निसटलेल्या प्रत्येक ग्रॅम वाफेमागे २.४४ किलोज्यूल कमी मोजले जातात. म्हणून तो वायू मॅग्नेशियम परक्लोरेटसारख्या शोषकातून नेतात, शोषलेले पाणी तोलतात आणि तेवढी दुरुस्ती करतात. तिसरी गोष्ट म्हणजे ज्योत पेटवताना आणि विझवताना न जळता गेलेला हायड्रोजन.

बॉम्ब कॅलरीमापीचे उत्तर तक्त्याशी जुळत नाही. का?

बॉम्ब कॅलरीमापी म्हणजे पदार्थ आत जाळून उष्णता मोजायचे बंद, भक्कम भांडे. त्यात आकारमान बदलत नाही, त्यामुळे तिथे अंतर्गत ऊर्जेतला बदल मोजला जातो. एन्थाल्पी काढायची तर वायूंच्या मोलमध्ये झालेला बदल गुणिले २.४८ किलोज्यूल मिळवावे लागतात. द्रव पाणी तयार होताना दीड मोल वायू नाहीसा होतो, म्हणून बॉम्बमध्ये २८२.१ दिसतील आणि एन्थाल्पी २८५.८ येईल. वाफेसाठी फरक अर्ध्या मोलचा: २४०.६ आणि २४१.८.

इंधन तपासताना बॉम्बच्या तळाशी आधीच १ मिलिलिटर पाणी घालतात ते विसरू नका. त्याने आतला वायू सुरुवातीपासून बाष्पाने संपृक्त राहतो आणि ज्वलनातून आलेले पाणी पूर्णपणे द्रवात उतरते. म्हणूनच बॉम्बमधून मिळणारा आकडा नेहमी जीसीव्ही (ग्रॉस कॅलोरिफिक व्हॅल्यू, म्हणजे वाफेचे पाणी होतानाची उष्णताही धरलेला इंधनाचा उष्मांक) असतो.

तापमान बदलले की आकडा बदलतो का?

थोडासा. १ मोल वाफेची उष्माधारकता ३३.६, १ मोल हायड्रोजनची २८.८ आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनची १४.७ ज्यूल प्रति केल्विन. फरक −९.९. म्हणजे दर १०० अंशांमागे सुटणारी उष्णता साधारण १ किलोज्यूलने वाढते: १०० अंश सेल्सिअसला २४२.६, ५०० केल्विनला २४३.८ आणि १००० केल्विनला सुमारे २४७.९. रोजच्या कामात २४२ धरले तरी चालते.

बॉयलरच्या हिशेबात जीसीव्ही आणि एनसीव्ही (नेट कॅलोरिफिक व्हॅल्यू, निव्वळ उष्मांक) असे दोन आकडे का असतात?

तोच ४४ किलोज्यूलचा फरक. जीसीव्ही धरताना ज्वलनातून आलेली वाफ थंड होऊन पाणी झाली असे मानतात. एनसीव्ही धरताना ती वाफच राहून चिमणीतून गेली असे मानतात. हायड्रोजनसाठी जीसीव्ही १४१.८ आणि एनसीव्ही १२० मेगाज्यूल प्रति किलो, म्हणजे १५.४ टक्के फरक. मुंबई-पुण्यात पाइपने येणाऱ्या गॅसचा मुख्य घटक मिथेन. त्याचे आकडे ८९०.६ आणि ८०२.६ किलोज्यूल प्रति मोल, फरक १० टक्क्यांच्या जवळ. शुद्ध कार्बन जळताना वाफ होतच नाही, म्हणून तिथे फरक शून्य. कोळशात हायड्रोजन कमी असतो, त्यामुळे कोरड्या कोळशात हे अंतर लहान राहते.

महाराष्ट्रात ज्यांना हा फरक सर्वात जास्त जाणवतो ते साखर कारखान्यांचे बॉयलर. गिरणीतून निघणाऱ्या बगॅसमध्ये (रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्यात) साधारण ५० टक्के ओलावा असतो आणि त्याचा जीसीव्ही सुमारे २,२७० किलोकॅलरी प्रति किलो धरतात. आता हिशेब करून पाहा. कोरड्या बगॅसमध्ये वजनाने साधारण ६ टक्के हायड्रोजन, म्हणजे ओल्या किलोमध्ये ३० ग्रॅम. १ ग्रॅम हायड्रोजनपासून जवळपास ९ ग्रॅम पाणी होते, म्हणून त्यातून २७० ग्रॅम. आधीचा ओलावा ५०० ग्रॅम. एकूण ७७० ग्रॅम पाणी वाफ होऊन चिमणीतून जाते. दर किलो पाण्यामागे ५८४ किलोकॅलरी धरल्या तर ४५० गेल्या. हाती उरल्या सुमारे १,८२०.

यातल्या २७० ग्रॅमचे काही करता येत नाही, ते पाणी ज्वलनातूनच जन्मते. पण ५०० ग्रॅम ओलावा कमी करता येतो. शेवटच्या गिरणीचा दाब नीट ठेवून किंवा चिमणीकडे जाणाऱ्या गरम वायूने बगॅस वाळवून ओलावा ५० वरून ४५ टक्क्यांवर आणला, तर प्रत्येक किलोत कोरडा भाग १० टक्क्यांनी वाढतो आणि वाफ करण्यात जाणारी उष्णताही घटते. सहवीजनिर्मितीच्या कारखान्यात ही बचत थेट युनिटमध्ये दिसते.

एक सावधगिरी: भारतात बॉयलरची कार्यक्षमता सहसा जीसीव्हीवर सांगतात, युरोपात एनसीव्हीवर. वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत घेणाऱ्या युरोपीय बॉयलरच्या जाहिरातीत १०० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता दिसते ती यामुळेच. निविदा तुलनेला घेताना दोन्ही आकडे एकाच पायावर आणा.

घरच्या गॅसवर ही वाफ दिसते का?

दिसते. थंड पाण्याने भरलेले पातेले पेटत्या शेगडीवर ठेवले की पहिले काही क्षण त्याचा तळ बाहेरून ओलसर होतो. ते एलपीजीतल्या हायड्रोजनपासून झालेले पाणी. तळ तापला की ते उडून जाते.

एवढी ऊर्जा सुटते तर हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण आपोआप का पेटत नाही?

उतार आहे, पण आधी एक चढ ओलांडावा लागतो. मुक्त ऊर्जेतला (अभिक्रियेतून कामासाठी मिळू शकणाऱ्या ऊर्जेतला) बदल −२२८.६ किलोज्यूल, म्हणजे अभिक्रिया पूर्णपणे वाफेच्या बाजूला झुकलेली आहे. तरी खोलीच्या तापमानाला स्वच्छ काचेच्या भांड्यात हे मिश्रण वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, कारण सुरुवातीला हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचे रेणू फोडायलाच हवेत. एकदा मोकळा हायड्रोजन अणू मिळाला की तो ऑक्सिजनच्या रेणूवर आदळून दोन नवे क्रियाशील कण तयार करतो, तेही पुढे तसेच करतात, आणि साखळी वाढत जाते. ठिणगी फारशी मोठीही लागत नाही: हवेतल्या हायड्रोजनला ०.०२ मिलिज्यूल पुरतात. अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यातून उडणारी स्थिर विजेची ठिणगी याहून कितीतरी जास्त ऊर्जेची असते.

प्लॅटिनम किंवा पॅलेडियमच्या पृष्ठभागावर ठिणगीशिवायच अभिक्रिया होते. जर्मनीतल्या येना इथे योहान डोबेरायनर यांनी १८२३ मध्ये प्लॅटिनमच्या स्पंजवर हायड्रोजन सोडून तो पेटवून दाखवला होता.

प्रयोगशाळेत हे सुरक्षितपणे कसे दाखवावे?

परीक्षानळीपुरतेच दाखवा. ०.६५ ग्रॅम जस्त जादा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळले की ०.०१ मोल, म्हणजे २५ अंशांवर सुमारे २४५ मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. तो पाण्याखाली उपड्या धरलेल्या नळ्यांत गोळा करा. पहिल्या एक-दोन नळ्यांत हवा मिसळलेली असते. नळीचे तोंड खालीच ठेवून, वायू तयार होणाऱ्या भांड्यापासून दूर नेऊन काडी लावा. तीक्ष्ण ‘पॉप्’ आवाज आला तर हवा अजून आहे. वायू शांतपणे, नळीत वर सरकत जळला तर हायड्रोजन शुद्ध आहे.

२० मिलिलिटरच्या नळीत ०.८ मिलिमोल हायड्रोजन असतो आणि त्यातून ०.२ किलोज्यूल उष्णता सुटते. पेलाभर पाणी कोमट करायलाही ती पुरणार नाही, पण क्षणार्धात सुटते म्हणून आवाज येतो. जळल्यावर कोरड्या नळीच्या आत दव दिसते. निर्जल कॉपर सल्फेटची चिमूट टाकली तर ती पांढऱ्याची निळी होते. पाण्यावर गोळा केलेल्या नळीने ही कसोटी करू नका, ती आधीच ओली असते.

अपघात होतो तो एकाच चुकीने: वायुवाहक नळीच्या तोंडाशी थेट काडी लावणे. भांड्यात अजून हवा असली तर ज्योत आत शिरते आणि काच फुटते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असले की मिश्रण पेटते, आणि ३० टक्क्यांच्या आसपास सर्वात जोरात. दोन भाग हायड्रोजन व एक भाग शुद्ध ऑक्सिजन यांचे मिश्रण बाटलीत किंवा फुग्यात भरून वर्गात पेटवू नका. बंद जागेत त्याने कानाला कायमची इजा होऊ शकते.

हायड्रोजनच्या ज्योतीचे तापमान किती असते?

हवेत सुमारे २१०० अंश सेल्सिअस, शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे २८००. ऑक्सिजनमध्ये नायट्रोजन तापवावा लागत नाही, म्हणून साध्या हिशेबाने ५००० केल्विनच्या आसपास उत्तर येते. प्रत्यक्षात तेवढे होत नाही, कारण २५०० केल्विनच्या पुढे वाफेचे रेणू स्वतःच तुटू लागतात आणि सुटलेली ऊर्जा परत गिळतात. ही ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. गळतीची शंका असेल तिथे हाताने चाचपू नका.

इंधन घटात (हायड्रोजन-ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणाऱ्या घटात) ही ऊर्जा विजेत किती बदलते?

वाफेसाठी मुक्त ऊर्जा २२८.६ किलोज्यूल, दोन मोल इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभाराने भागले की १.१८ व्होल्ट. द्रव पाण्यासाठी १.२३. प्रत्यक्षात भार असताना एक घट ०.७ व्होल्टच्या आसपास चालतो. त्याची कार्यक्षमता एनसीव्हीवर (२४१.८ ला तसेच भागून १.२५ व्होल्ट) काढली तर ५६ टक्के, जीसीव्हीवर (१.४८ व्होल्ट) काढली तर ४७ टक्के. घट तोच, आकडे दोन. माहितीपत्रकात पाया लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा.

रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनात पूर्ण २४१.८ मिळतात का?

नाही. तिथे द्रव हायड्रोजन (−२५३ अंश) आणि द्रव ऑक्सिजन (−१८३ अंश) वापरतात. त्यांना खोलीच्या तापमानाचे वायू करण्यात हायड्रोजनच्या मोलमागे ९ आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनमागे ६.५ किलोज्यूल जातात. उरतात सुमारे २२६.

दुसरे म्हणजे सगळा हायड्रोजन जाळतच नाहीत. पूर्ण ज्वलनाला वजनाने १ भाग हायड्रोजनमागे ७.९४ भाग ऑक्सिजन लागतो. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटमधले सीई-२० इंजिन साधारण ५ भागांवर चालते, म्हणजे हायड्रोजनच्या १०० पैकी सुमारे ६३ रेणूच जळतात. बाकीचा हायड्रोजन वाफेबरोबर तसाच बाहेर फेकला जातो. बाहेर पडणाऱ्या वायूचे सरासरी रेणुवजन १८ ऐवजी १२ च्या आसपास येते आणि हलका वायू जास्त वेगाने निघतो. शिवाय इंजिनाच्या भिंतींवर उष्णतेचा मारा कमी होतो. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी नेणाऱ्या यानाचा वरचा टप्पा याच इंजिनाचा होता.

पाण्यापासून गॅस करून गाडीचे मायलेज वाढवणारे किट खरेच चालते का?

नाही, आणि कारण याच आकड्यात आहे. वाफ होताना जेवढी ऊर्जा सुटते ती आधी पाणी फोडताना पूर्ण भरावी लागते, वर तोटा वेगळा. १२ व्होल्ट, २० अँपिअरचे, सहा घट एकापाठोपाठ जोडलेले किट घ्या. ते २४० वॅट वीज खाते आणि तासाला जास्तीत जास्त २.२ मोल हायड्रोजन देते. तो जाळून तासाला सुमारे ५४० किलोज्यूल मिळतात, म्हणजे १७ मिलिलिटर पेट्रोलएवढी उष्णता. ती वीज अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीज बनवायचे यंत्र) देतो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के आणि इंजिनाची २५ टक्के धरली तर २४० वॅटसाठी तासाला सुमारे १८० मिलिलिटर पेट्रोल जास्त जळते. १८० घालवून १७ मिळवायचे. वर बॉनेटखाली कोणत्याही ठिणगीने फुटेल असे तयार मिश्रण घेऊन फिरायचे. बसवू नका.

घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीशी याचा काय संबंध?

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्ज होत राहिली की तिच्यातले पाणी फुटते आणि हायड्रोजन-ऑक्सिजन बाहेर येतात, नेमके २:१ या सर्वात घातक प्रमाणात. जादा चार्जिंगच्या प्रत्येक अँपिअर-तासाला १२ व्होल्टची बॅटरी सुमारे २.७ लिटर हायड्रोजन सोडते. २०० लिटरच्या बंद कपाटात ४ टक्क्यांची मर्यादा गाठायला ८ लिटर पुरतात, म्हणजे फक्त ३ अँपिअर-तास.

म्हणून बॅटरी बंद कपाटात किंवा जिन्याखालच्या बंद खोक्यात ठेवू नका. हायड्रोजन वर जातो, तेव्हा जागेच्या वरच्या टोकाला झरोका हवा आणि खालून हवा आत यायला वाट हवी. बुचांवरची भोके धूळ किंवा क्षाराने बुजलेली नसावीत. तारा काढायच्या असतील तर आधी मुख्य वीज आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, दारे-खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबा, मग ऋण टोकाची तार आधी सोडवा. जोडताना ती शेवटी जोडा. पाण्याची पातळी पाहायला काडी किंवा लायटर कधीही वापरू नका, टॉर्च वापरा आणि ती बॅटरीपासून दूर असतानाच चालू करा. पाणी वारंवार कमी होत असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज जास्त आहे. नुसते डिस्टिल्ड पाणी ओतत राहण्याऐवजी तो तपासून घ्या.